शिवेवरचे स्वागत

लग्न दोघांचे असते, असे म्हणण्याची आता रीत पडली आहे. परंतु ज्या गृहस्थाने आपल्या दारी एकदा तरी मांडव घातला आहे, त्याला हे विधान अर्धेच खरे आहे हे पक्के ठाऊक असते. लग्नात दोन घरे एकमेकांसमोर उभी राहतात. एका घराची भाषा, त्याचे अन्न, त्याचे देव, मृतांविषयीची त्याची आठवण आणि मानापमानाच्या त्याच्या कल्पना हे सारे त्या दिवशी दुसऱ्या घराच्या दृष्टीस पडते. दोन्ही घरे एकाच जातीची आणि एकाच गावची असली, तरीही रुसवेफुगवे चुकत नाहीत. मग एक घर हिंदू आणि दुसरे ख्रिस्ती, एक बेळगावचे आणि दुसरे साष्टीतले असले, तर किती जपावे लागेल, हे सांगावयास नको.

अशा विवाहांत नियोजनाचा खरा कस लागतो तो स्वागतसमारंभात. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना वाटते की एक चांगले सभागृह घ्यावे, दोन्हीकडचे थोडे थोडे पदार्थ ठेवावेत, दोन्हीकडचे थोडे थोडे विधी करावेत, म्हणजे समन्वय झाला. प्रत्यक्षात अशा समारंभातून माणसे पुष्कळदा मुकाट्याने दुखावून घरी जातात, आणि ते दुखणे नवपरिणीत जोडप्याला पुढे अनेक वर्षे वागवावे लागते. असे का होते, आणि ते कसे टाळता येईल, याचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल.

विचाराच्या आरंभीच एक जुनी गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रीय हिंदू विवाहात लग्नाच्या आदल्या सायंकाळी सीमांतपूजन होते. वरपक्ष गावाच्या शिवेपाशी आला की वधूपक्षाने तेथपर्यंत सामोरे जाऊन त्याचे स्वागत करावयाचे, वराची पूजा करावयाची, व्याह्यांनी व्याह्यांना भेटावयाचे, असा त्या विधीचा मूळ हेतू. आता गावाची शीव कार्यालयाच्या दारापाशी आली आहे, पण नाव राहिले आहे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतही याच्याशी जुळणारी एक चाल आहे, आणि तिचे नावही ‘शीम’ असेच आहे. समारंभ संपून पाहुणे निघाले की दोन्हीकडची माणसे काही अंतरापर्यंत एकत्र चालत जातात. मग जमिनीवर फेणीची धार सोडून एक रेघ काढतात. ती गावाची शीव. तिच्या दोन्ही बाजूंस दोन्ही घरे उभी राहतात, चार गोड शब्द बोलतात आणि निरोप घेतात.

एका समाजाने शिवेवर स्वागत केले, दुसऱ्याने शिवेवर निरोप दिला. दोघांनीही शीव पुसून टाकली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सीमा आहे हे मान्य करावयाचे, आणि तिच्यावर उभे राहून पलीकडच्याचा सन्मान करावयाचा, हा दोन्ही चालींचा गाभा आहे. दोन संस्कृतींच्या विवाहाचा स्वागतसमारंभ याच तत्त्वावर आखला, तर त्यातील बहुतेक अडचणी सुटतात.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, वधू बेळगावच्या एका शाकाहारी मराठी हिंदू घरातील आहे. वर मडगावच्या कोंकणी ख्रिस्ती घरातील आहे. वराचे वडील हयात नाहीत, आई आहे. विवाह मडगावच्या चर्चमध्ये व्हावयाचा आहे आणि सायंकाळी तेथेच स्वागतसमारंभ आहे. वधूकडची दोनशे माणसे चोर्ला घाट उतरून येणार आहेत. अशी घरे या भागात काल्पनिक नाहीत. घाटाच्या वर आणि खाली शिक्षण, नोकरी आणि व्यापार यांमुळे तरुण मंडळींचा संबंध रोजचाच आहे.

प्रथम प्रश्न येतो तो असा, की दोन्ही धर्मांचे विधी करून टाकले तर काय बिघडले? येथे कायदा आणि धर्मशासन दोन्ही समजून घ्यावे लागतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विवाह व्हावयाचा तर दोन्ही पक्ष त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हिंदू असावे लागतात; त्यामुळे हिंदू वधू आणि ख्रिस्ती वर यांनी केवळ सप्तपदी केल्याने तो विवाह त्या कायद्याखाली सिद्ध होत नाही. अशा जोडप्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि विवाहसमयी तीन साक्षीदार लागतात. गोव्याची व्यवस्था आणखी निराळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा तेथे आजही लागू असून विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे होते. तेव्हा कागदपत्रांची चौकशी सभागृह ठरवण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

कॅथलिक धर्मसभेचा नियमही स्पष्ट आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करावयाचा तर धर्माधिकाऱ्यांकडून तशी सूट घ्यावी लागते. शिवाय १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे विवाहाची संमती एकदा विधिपूर्वक दिली की तीच संमती देण्यासाठी किंवा पुन्हा उच्चारण्यासाठी आधी वा नंतर दुसरा धार्मिक विधी करता येत नाही. याचा अर्थ असा की चर्चमधील विवाहानंतर सायंकाळी व्यासपीठावर छायाचित्रापुरती सप्तपदी उरकून घेणे हे वराच्या घराला अडचणीचे आहे. आणि नीट विचार केला तर वधूच्या घरालाही ते शोभणारे नाही. कारण ज्यांना अग्नी साक्षी आहे असे वाटते, त्यांनी त्या अग्नीला देखाव्यासाठी पेटवावे, यात कोणाचाच सन्मान नाही.

म्हणूनच स्वागतसमारंभाचे महत्त्व वाढते. तेथे संमती द्यावयाची नसते, प्रतिज्ञा करावयाची नसते. तेथे असते ते आतिथ्य. विधीच्या ठिकाणी दोन धर्मांना एकत्र उभे राहणे कठीण जाते. आतिथ्याच्या ठिकाणी ते सहज उभे राहू शकतात. मुलांवर कोणत्या धर्माचे संस्कार व्हावयाचे, हा प्रश्न मात्र समारंभाच्या गोडव्याने सुटत नाही. कॅथलिक पक्षाला मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी आपल्या परीने सर्व प्रयत्न करण्याचे वचन द्यावे लागते आणि त्याची कल्पना दुसऱ्या पक्षाला दिली जाते. ती गोष्ट वधूच्या आईवडिलांना पत्रिका छापण्यापूर्वी समोरासमोर बसून सांगितली पाहिजे. जे उघड बोलावयाचे ते आधी बोलून झाले असेल, तरच सायंकाळचे आतिथ्य मोकळ्या मनाने होते.

आता दोन्हीकडच्या चालीरीती पाहू. दुरून पाहणाऱ्याला वाटते की यांच्यात समान असे काहीच नाही. एकीकडे अक्षता, दुसरीकडे केक. जवळ जाऊन पाहिले तर निराळेच दिसते. हिंदू घरात वधूवरांना हळद लागते. गोव्याच्या ख्रिस्ती घरात त्यांना ‘रोस’ म्हणजे नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात. हिंदू वधू हिरवा चुडा भरते. ख्रिस्ती वधूचाही ‘चुडो’ असतो, आणि तो भरण्याचा मान तिच्या मामाच्या घराचा. मराठी लग्नात मुलीला बोहल्यावर आणणारा मामाच असतो. इकडे करवली, तर तिकडे ‘धेडो’ आणि ‘धेडी’. हिंदू घरात विवाहापूर्वी देवक बसते आणि नांदीश्राद्धात पितरांचे स्मरण होते. ख्रिस्ती घरात पूर्वजांच्या नावाने गोरगरिबांना बोलावून ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात. इकडे पाचपरतावण, तिकडे ‘परतोणें’. दोन्ही ठिकाणी मुलगी नवऱ्यासह माहेरी परत येऊन जेवून जाते. हिंदू स्त्रिया ओव्या म्हणतात आणि गोव्यातील ख्रिस्ती स्त्रियांच्या लग्नगीतांनाही ‘वोव्यो’ असेच नाव आहे.

हे साम्य योगायोगाचे नाही. एकाच भूमीतील, एकाच कुळांतील माणसे धर्माने वेगळी झाली तेव्हा घरातल्या बायकांनी बरोबर आणलेला हा ठेवा आहे. तो टिकवणे सोपे गेले नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती घरांतील लग्नप्रसंगी अंगाला हळद लावणे, पानसुपारी आणि फुले वाटणे, देशी वाद्ये वाजवणे अशा अनेक गोष्टींना मनाई करण्यात आली होती. गोव्याच्या इतिहासाचे अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात या फर्मानाची माहिती आहे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. चाली मात्र कितीतरी घरांत तशाच राहिल्या. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये विवाहातील स्थानिक आणि स्तुत्य चालीरीती राखाव्यात अशी इच्छा स्पष्ट शब्दांत व्यक्त केली. ज्या घरांनी बंदीच्या काळातही मामाचा चुडा सोडला नाही, त्या घरांच्या आजच्या पिढीला वधूकडच्या हिरव्या बांगड्या परक्या वाटण्याचे कारण नाही. फक्त कोणीतरी ही ओळख करून द्यावी लागते.

म्हणून नियोजनाची पहिली पायरी सभागृह ही नव्हे. बैठक ही होय. समारंभाच्या तीन-चार महिने आधी दोन्ही घरांतील दोन-दोन जाणती माणसे, त्यांत निदान एकेक स्त्री, अशी एकत्र बसावीत. प्रत्येक घराने तीन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ज्यावाचून आपल्याला समारंभ अपुरा वाटेल अशा गोष्टी. दुसरीत ज्या झाल्या तर आपल्या माणसांना क्लेश होतील अशा. तिसरीत ज्या झाल्या तरी चालतील आणि न झाल्या तरी चालतील अशा. पहिली यादी तीन-चार गोष्टींहून मोठी नसावी. दुसरी यादी पलीकडच्या घराने वाद न घालता स्वीकारावी. तिसरी यादी हीच तडजोडीची जागा. अनुभव असा आहे की भांडणे पहिल्या यादीवरून फारशी होत नाहीत. ती दुसऱ्या यादीतल्या, कोणी कधी बोलूनच न दाखवलेल्या गोष्टींवरून होतात.

दिवस ठरवताना दोन पंचांगे समोर ठेवावी लागतात. हिंदू घरे आषाढी एकादशीपासून चातुर्मासात लग्न काढीत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. परंतु नाताळापूर्वीचा ‘आगमनकाळ’ नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी लागतो आणि त्यात ख्रिस्ती घरे थाटाचा समारंभ टाळतात. पुढे पौष आला की हिंदू घरांना नको असतो. माघ मोकळा असतो, पण राखेचा बुधवार लवकर आला तर तोही हातचा जातो, कारण त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती घरांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. तेव्हा दोन्ही घरांना सर्वांत सोयीचे दिवस म्हणजे ईस्टर होऊन गेल्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंतचे, अर्थात साधारणपणे वैशाख-ज्येष्ठाचे. अधिक मास मात्र पाहून घ्यावा. २०२६ साली ज्येष्ठच अधिक आहे. निवडलेल्या तारखेस एकादशी, संकष्टी किंवा शुक्रवार आहे का, हेही पाहावे. उपवास असणाऱ्या आजीला ताटासमोर नुसते बसून राहावे लागू नये.

निमंत्रणपत्रिका हा पहिला स्वागताचा शब्द असतो. मराठी हिंदू घर पत्रिकेच्या माथ्यावर कुलदेवतेचे स्मरण करते. ख्रिस्ती घर क्रूसाचे चिन्ह किंवा बायबलातील वचन छापते, आणि गोव्यात ती पत्रिका रोमी लिपीतील कोंकणीत किंवा इंग्रजीतही असते. या दोन गोष्टी एकाच पानावर दाटीने बसवण्यापेक्षा प्रत्येक घराने आपापल्या पद्धतीची पत्रिका काढावी; मात्र दोहोंत स्थळ, वेळ आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे सारख्याच मानाने असावीत. वधूकडच्या पत्रिकेबरोबर एक छोटे पत्रक जोडले तर फार उपयोग होतो. चर्चमध्ये केव्हा उभे राहावयाचे, केव्हा बसावयाचे, आणि पवित्र प्रसाद हा बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यावयाचा असल्याने त्या वेळी पाहुण्यांनी आपल्या जागी शांत बसावे, हे त्यात सौम्य शब्दांत सांगावे. ऐनवेळी वेदीपुढून एखाद्या वृद्ध पाहुण्याला मागे फिरावे लागले, तर त्यात त्याचा दोष नसतो. सांगितले नाही त्याचा असतो.

यजमान कोण, हा प्रश्न वरवर साधा, पण आतून अवघड आहे. मराठी हिंदू पद्धतीत लग्न मुलीकडचे. मुलीचा बाप दारात हात जोडून उभा राहतो आणि वरपक्षाचा मान राखतो. गोव्याच्या ख्रिस्ती पद्धतीत सर्वसाधारणपणे विवाहाच्या दिवसाचा समारंभ वराच्या घराचा. आपल्या उदाहरणात दोन्ही घरे स्वतःला यजमान समजतील, किंवा एक घर दुसऱ्याच्या मानाची वाट पाहत बसेल. यावर उपाय सोपा आहे. दारात दोन्ही घरांनी एकत्र उभे राहावे. परंतु वधूकडच्या पाहुण्यांना वराच्या माणसांनी आधी सामोरे जावे आणि वराकडच्या पाहुण्यांना वधूच्या माणसांनी. बेळगावहून घाट उतरून आलेल्या आजोबांच्या हाती गुलाबाचे फूल मडगावच्या मामाने द्यावे, आणि साष्टीच्या काकूंच्या मनगटाला अत्तर बेळगावच्या आत्याने लावावे. सीमांतपूजनाचा अर्थ यापेक्षा वेगळा काय होता?

भोजनाकडे विशेष लक्ष पुरवावे लागते, कारण शाकाहार ही आवडनिवड नसून कित्येकांच्या शुचितेची कल्पना आहे. शाकाहारी पदार्थांसाठी स्वतंत्र आचारी, स्वतंत्र भांडी, तळणीचे स्वतंत्र तेल आणि वाढण्याची जागा शक्यतो सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला असावी. नुसती पाटी लावून भागत नाही. कोणत्या पदार्थात काय आहे, ते जाणणारा माणूस तेथे उभा पाहिजे. गोव्याची बेबिंक ही दिसायला निर्धोक मिठाई, पण तिच्यात अंड्याचा बलक असतो. सान्नांचे पीठ परंपरेने माडाच्या सुरेने आंबवतात. विवाहाच्या केकमध्ये अंडी असतात, आणि सुकामेव्याचा केक असेल तर बहुधा मद्यही. या उलट दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ यांचा. तो कोणाच्याही पानात वाढता येतो. बेळगावचा कुंदा आणि मांडे हे तर लग्नाचेच मानकरी. ते सोरपोतेलच्या टेबलापर्यंतही आनंदाने जातील. केक कापावयाचाच असेल तर एक बिनअंड्याचा, बिनमद्याचा करून घ्यावा आणि तसे जाहीर सांगावे, म्हणजे वधूच्या आईला मुलीच्या हातचा घास नाकारण्याची वेळ येणार नाही.

ज्या पदार्थाने पलीकडच्या पाहुण्याच्या मनाला धक्का बसेल, तो त्या एका सायंकाळी टेबलावर नसल्याने कोणाचे जेवण अपुरे राहत नाही. गोमांसाचा प्रश्न अशा रीतीने वाद न करता सोडवावा. त्याचप्रमाणे आपल्या जेवणाला नावे ठेवली गेली असेही वराकडच्यांना वाटता कामा नये. त्यांची मासळी, त्यांचे शाकुती, त्यांच्या सिरक्याचा आंबटपणा हा त्यांच्या घराचा स्वाद आहे. तो लपवून सर्वांना मसालेभातच वाढला तर सन्मान एकतर्फी होतो. मद्याची व्यवस्था एका बाजूस, नजरेआड असावी. शुभेच्छांचा पेला उंचावताना प्रत्येकाच्या हाती शहाळ्याचे पाणी किंवा कोकमाचे सरबत दिले, तर पेला उंचावण्याची रीतही पाळली जाते आणि कोणाचा हातही मागे राहत नाही.

वेशाच्या बाबतीत एक जुनी सोय उपयोगी पडते. ख्रिस्ती वधूचा पांढरा वेश पावित्र्याचा असतो, परंतु हिंदू घरातील वृद्ध स्त्रियांना नववधूच्या अंगावरील पांढरा रंग बोचतो. चर्चमध्ये पांढरा वेश असावा. तो त्या विधीचा आहे. सायंकाळी मात्र ‘सादो’ आठवावा. गोव्याच्या ख्रिस्ती परंपरेत नववधूचा लाल ‘सादो’ असतो, त्याचे कापड कापण्याचाही घरात सोहळा होत असे. समारंभास वधू लाल शालू नेसून आली, तर वराच्या आजीला त्यात सादो दिसेल आणि वधूच्या आजीला सौभाग्य दिसेल. दोघींचेही समाधान एकाच वस्त्राने होईल.

आता सर्वांत नाजूक प्रसंग. वधूकडच्या स्त्रिया जोडप्याला ओवाळण्याचे ठरवतात. पाच सवाष्णी पुढे येतात. वराची आई, जी पतीच्या पश्चात एकटीने मुलाला वाढवून आज या दिवसापर्यंत आली आहे, ती सहजपणे तबक घेण्यासाठी पुढे होते, आणि कोणीतरी हळूच तिला बाजूला घेते. तिच्या समाजात अशी प्रथा नाही; आपले काय चुकले हे तिला कळतही नाही. कोणी समजावून सांगितले तर दुःख अधिकच होते. असा एक क्षण सगळ्या रोषणाईवर अंधार पाडतो, आणि त्या सुनेच्या संसारात तो कितीदा तरी परत उभा राहतो.

ही गोष्ट आधीच्या बैठकीत, नाव घेऊन, बोलली गेली पाहिजे. येथे एका घराचा आदर करण्यासाठी दुसऱ्या घराच्या आईचा अपमान पत्करणे योग्य नव्हे. ज्या चालीने कोणाचे मन मोडते, ती चाल जुनी आहे एवढ्याने राखण्याजोगी ठरत नाही, हे हिंदू समाजातही वारंवार सांगितले गेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या संदर्भातील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. वधूच्या घरातील सर्वांत वडील स्त्रीने ओवाळणीचे तबक प्रथम स्वतः विहिणीच्या हाती द्यावे. आजीने दिले म्हटल्यावर मागे कोणी कुजबुजत नाही. आणि ते देण्याचे धैर्य आजीला यावे, यासाठी नातीने आधी तिच्याजवळ बसून मनातले बोलावे. हे काम आचाऱ्याचे नाही की सभागृहाच्या व्यवस्थापकाचे नाही.

धार्मिक खुणांविषयीही असेच तारतम्य हवे. कुंकवाचे बोट लावण्यापूर्वी विचारावे. ज्याला नको असेल त्याला फूल द्यावे. देवाला दाखवलेला नैवेद्य साधी मिठाई म्हणून न सांगता वाटू नये, कारण काही ख्रिस्ती पाहुणे तो घेत नाहीत. आणि तीर्थासारखे शिंपडावयाचे पाणीही कोणावर न सांगता शिंपडू नये. व्यासपीठावर गणपती आणि क्रूस शेजारी शेजारी शोभेसाठी मांडण्यात ऐक्य दिसते असे वाटले, तरी ज्यांची त्यांवर श्रद्धा आहे त्यांना ते दागिन्यांसारखे मांडलेले रुचत नाही. त्यापेक्षा जेवणापूर्वी दोन्ही घरांतील एकेका वडीलधाऱ्याने आपापल्या शब्दांत, आपापल्या श्रद्धेने जोडप्याला आशीर्वाद द्यावा आणि बाकीच्यांनी आदराने उभे राहून तो ऐकावा. पाहुण्याने आपल्या प्रार्थनेत सामील व्हावे असा आग्रह नको. तिच्या वेळी त्याने शांत राहावे, एवढे पुरे.

गाणे, बोलणे आणि करमणूक यांत मात्र दोन्ही घरांना खरोखर एकत्र येता येते. ख्रिस्ती समारंभात शुभेच्छांचे भाषण असते. मराठी घरात उखाणा असतो. दोहोंचा उद्देश एकच, लाजणाऱ्या जोडप्याचे कौतुक. भाषण करणाऱ्याने अर्धे कोंकणीत आणि अर्धे मराठीत बोलावे, आणि विनोद करताना पलीकडच्या घराला न कळणारा विनोद टाळावा. वराने उखाणा घेतला तर घाटावरची मंडळी त्याला त्या क्षणी आपला म्हणतील. त्याचे उच्चार चुकले तर अधिकच लवकर म्हणतील. मांडो गाइला जावा, त्याचा अर्थ कोणीतरी चार वाक्यांत सांगावा. जोडीने नृत्य करण्याची ख्रिस्ती घरांची रीत आहे. ज्यांना सवय नाही त्यांना ओढून उठवू नये. ज्येष्ठांसाठी निवांत बसण्याची जागा वाद्यवृंदापासून दूर असावी, आणि घाट चढून परत जाणाऱ्यांचे भोजन वेळेवर उरकावे. रात्री अकराला पहिला घास मिळालेला पाहुणा कोणत्याच संस्कृतीचे गुण गात नाही.

खर्चाचा हिशेब आधीच कागदावर यावा. सगळ्यालाच निम्मे-निम्मे म्हटले की प्रत्येक बाबीत दोघांचे मत घ्यावे लागते. त्यापेक्षा बाबी वाटून घ्याव्यात. शाकाहारी भोजन आणि फुले एका घराकडे, सभागृह आणि वाद्यवृंद दुसऱ्याकडे. आहेराविषयीही ठरवून टाकावे. एका घराने साड्या आणल्या आणि दुसऱ्याने पाकिटे, तर कोणाचे काय कमी झाले याची मोजदाद वर्षभर चालते. दोन्ही विहिणींनी एकमेकींना एकेक वस्त्र आणि नारळ द्यावा, त्यापलीकडचे काही नको, असा साधा नियम केला तर गरिबाची लाज आणि श्रीमंताचा दिमाख दोन्ही झाकले जातात.

समारंभाचा शेवट मात्र दिवे मालवून आणि गाड्या भरून होऊ देऊ नये. पाठवणीच्या वेळी मराठी घरात मुलीचे डोळे भरून येतात. ख्रिस्ती घरातही आईचा ऊर तितकाच दाटतो. त्या वेळी सभागृहाबाहेर थोडे अंतर दोन्ही घरांनी एकत्र चालत जावे. शीम काढावी. फेणीऐवजी एका शहाळ्याचे पाणी वराच्या आईने आणि वधूच्या वडिलांनी मिळून जमिनीवर सोडले, तर कोणाचीच हरकत येणार नाही. त्या ओल्या रेघेच्या एका बाजूस बेळगावची मंडळी आणि दुसऱ्या बाजूस मडगावची मंडळी उभी राहतील. मुलगी ती रेघ ओलांडून पलीकडे जाईल आणि पाचव्या दिवशी नवऱ्याला घेऊन अलीकडे परत येईल. तिच्या माहेरी त्याला पाचपरतावण म्हणतील आणि सासरी परतोणें.

बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांना सीमा हा शब्द उच्चारताच वाद आठवतो, हे स्वाभाविक आहे. पण आपल्याच आजीपणजीने शिवेचा दुसराही उपयोग सांगून ठेवला आहे. तेथपर्यंत चालत जावयाचे असते, पाहुण्याची वाट पाहावयाची असते, आणि तो आला की त्याच्या पायांवर पाणी घालावयाचे असते. लग्नाच्या याद्या करावयास बसलेल्या दोन घरांनी एवढे आठवले, तरी पुढचे पुष्कळसे काम हलके होईल.